जोर दाखवून निकाली कुस्तीचे पैसे घेऊ नका

प्रति,
आशियात दौरे काढणारे युरोपातले फुटबॉल क्लब, त्यांच्या लीग आणि त्यांना भारतात आणू पाहणारे आयोजक यांस,

स.न.वि.वि.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी सांभाळला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही आज संघांची नावं वाटतात, पण मुळात ती तालमींची. त्यामुळं इथला प्रेक्षक शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसूनही कुस्तीची भाषा बोलतो. तुमच्या दौऱ्यांबद्दल जे सांगायचंय तेही त्याच भाषेत सोपं पडेल.

पहाटे हौद्यात पैलवान एकमेकांशी करतात तो जोर. त्यात वस्ताद सांगेल तेवढंच बळ लावायचं, जोडीदाराला इजा होऊ द्यायची नाही, आणि कोण खाली पडलं ते कुणी मोजत नाही. खासबागेत इनाम लावून होते ती निकाली कुस्ती. तुमचे जुलै-ऑगस्टमधले हंगामपूर्व सामने हा जोर आहे. नुरा नव्हे. नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली, तसा आरोप आम्ही करत नाही. जोर हा प्रामाणिक प्रकार आहे आणि तिकीट काढून तो बघायलाही माणसं येतील. तक्रार एवढीच की पोस्टरवर निकाली कुस्ती छापून आत जोर दाखवला जातो. गावजत्रेच्या कुस्ती कमिटीनं असं केलं, तर लोक तेच पोस्टर हातात घेऊन जाब विचारायला येतात.

या सामन्यात नेमकं काय असतं, हे तिकीट काढणाऱ्याला कुणी सांगत नाही. खेळाच्या नियमांतला तिसरा नियम मैत्रीच्या सामन्यात दोन्ही संघांच्या संमतीनं हवे तितके बदली खेळाडू वापरू देतो. आकडा ठरवून सामन्यापूर्वी पंचांना कळवला की झालं. न कळवल्यास मर्यादा सहाची. म्हणून पूर्वार्धात एक संघ आणि उत्तरार्धात जवळजवळ दुसराच, हे नेहमीचं चित्र. सुटीवरून परतलेल्या खेळाडूला पहिल्या आठवड्यात पाऊण तासाच्या वर खेळवायला क्लबचे फिटनेस प्रशिक्षक तयार नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मांडीमागचा स्नायू याच दिवसांत दगा देतो. जून-जुलैत देशाकडून मोठी स्पर्धा खेळलेला खेळाडू तर उशिरानं क्लबात येतो, कधी दौऱ्यावर येतच नाही. म्हणजे ज्याचा चेहरा पोस्टरवर सर्वांत मोठा, तोच न येण्याची शक्यता सर्वांत जास्त. हे क्लबला माहीत असतं, आयोजकालाही माहीत असतं.

हंगाम संपल्यावरचे दौरे तर त्याहून अजब. २०२४ मध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग १९ मे रोजी संपली आणि २२ मे रोजी टॉटनहॅम आणि न्यूकॅसल मेलबर्नला एकमेकांशी खेळत होते. मँचेस्टर युनायटेडनं २०२५ मध्ये २५ मे रोजी शेवटचा लीग सामना खेळला, २८ ला क्वालालंपूर, ३० ला हाँगकाँग. क्वालालंपूरला आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या निवडक खेळाडूंनी त्यांना १-० हरवलं. (आमच्यात त्या रात्री कुणी हळहळलं, कुणी टाळ्या वाजवल्या. पेठ बघून ठरलं.) हंगामाअखेर किमान २१ दिवस सुटी आणि दोन सामन्यांत किमान ७२ तासांचं अंतर यावर खेळाडू संघटनांशी एकमत झाल्याचं फिफानं जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. त्या पट्टीनं २८ आणि ३० मे मोजून बघा.

हे सगळं का होतं, तेही आम्हाला कळतं. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमानुसार क्लबला तीन हंगामांत मिळून साडेदहा कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. खेळाडूंचे पगार कमी होत नाहीत, मैदानातल्या खुर्च्या वाढत नाहीत, मग जाहिरात आणि दौऱ्यांतून येणारं उत्पन्न तेवढं फुगवता येतं. अमेरिकेत २०१४ मध्ये मिशिगनच्या मैदानावर युनायटेड विरुद्ध रेआल माद्रिद बघायला १,०९,३१८ प्रेक्षक आले होते. एवढं गिऱ्हाईक दिसल्यावर कोण दुकान उघडणार नाही? दुकान उघडा. वजन-मापं मात्र सरकारमान्य ठेवा.

आता पैशाची वाट बघू, कारण बिघाड तिथंच आहे. अशा दौऱ्यात क्लब आयोजकाकडून ठरावीक रक्कम घेतो. विमान, हॉटेल, सरावाचं मैदान, सुरक्षा हा खर्चही बहुधा आयोजकाच्या माथी. तो भरून काढायला आयोजकाकडं तिकीट, प्रायोजक आणि प्रक्षेपण एवढंच असतं. म्हणून तो चेहरा विकतो. ‘अमुक खेळाडू किमान इतकी मिनिटं खेळेल’ हे कलम असलंच तर क्लब आणि आयोजक यांच्या करारात. कलम मोडलं तर दंड क्लब आयोजकाला देणार. पायरीवर बसलेला माणूस त्या करारात कुठंच नाही. त्याच्या तिकिटामागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की संघात बदल करण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

सोलमध्ये २६ जुलै २०१९ रोजी हेच घडलं. रोनाल्डो किमान ४५ मिनिटं खेळेल अशी हमी होती. युव्हेंटसचा संघ त्याच दिवशी चीनमधून उतरला, सामना जवळपास तासभर उशिरा सुरू झाला आणि रोनाल्डो नव्वद मिनिटं बाकावर बसून राहिला. पुढं फेब्रुवारी २०२० मध्ये दोन प्रेक्षकांच्या दाव्यात न्यायालयानं प्रत्येकी ३,७१,००० वॉन द्यायला लावले. ते आयोजकाला, क्लबला नव्हे. हाँगकाँगला ४ फेब्रुवारी २०२४ रोजी मेस्सी बाकावरून उठला नाही. प्रेक्षक ‘पैसे परत द्या’ म्हणून ओरडले, आणि तीनच दिवसांनी टोकियोत तो मैदानात उतरला. हाँगकाँगच्या आयोजकांना शेवटी तिकिटाची निम्मी रक्कम परत करावी लागली, सरकारी अनुदानावरही पाणी सोडावं लागलं. कोलकात्यात १३ डिसेंबर २०२५ रोजी सामनाच नव्हता, नुसतं दर्शन होतं. मेस्सीभोवती पुढाऱ्यांचं आणि पाहुण्यांचं एवढं कडं झालं की हजारो रुपयांचं तिकीट काढलेल्याला तो दिसला नाही. वीसेक मिनिटांत तो निघून गेला आणि मग बाटल्या आणि खुर्च्या मैदानात आल्या.

याउलट एक उदाहरण आमच्या जवळचं. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो आलाच नाही आणि कित्येकांचा हिरमोड झाला. पण तो आशियाई स्पर्धेतला, गुणांसाठीचा सामना होता. अल नासरनं दोन गोल केल्यावर पूर्वार्ध संपण्यापूर्वी ब्रायसन फर्नांडिसनं एक फेडला आणि उरलेला सगळा वेळ गोव्याचा संघ बरोबरीच्या मागं धावत राहिला. २-१ हरला. आंबोली घाट उतरून जाणाऱ्याच्या तिकिटाचे पैसे तिथं वसूल होतात, पोस्टरवरचा माणूस नसला तरी. निकाली कुस्तीत एक पैलवान बदलला तरी कुस्ती उरते. जोरात नावाचा पैलवान नसेल तर उरतं काय?

म्हणून आमचं पहिलं मागणं तिकिटाबद्दल. तिकिटावर ठळक अक्षरात ‘सराव सामना’ छापा. ज्याचा फोटो जाहिरातीत वापराल त्याच्या नावापुढं तो किमान किती मिनिटं खेळणार ते लिहा. लिहिता येत नसेल तर फोटो वापरू नका, क्लबचं चिन्ह वापरा. येणाऱ्या खेळाडूंची यादी सामन्याच्या ७२ तास आधी जाहीर करा. तोवर जाण्यायेण्याची व्यवस्था मोडण्याला काही अर्थ असतो. गाडी सुटायची वेळ जवळ येईल तशी तिकीट रद्द करताना होणारी रेल्वेची कपात वाढत जाते. जाहिरातीतलं नाव यादीत नसेल तर तिकीट परत करण्याची मुभा द्या, बुकिंगच्या शुल्कासह. नाव यादीत असून तो ठरलेली मिनिटं खेळला नाही तर निम्मी रक्कम, न मागता, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. दुखापत कुणालाही होते, त्याबद्दल खेळाडूवर राग नाही. पण दुखापतीचा धोका कुणी सोसायचा हे आधी ठरवा. आज तो सगळा प्रेक्षक सोसतो, आणि धोका उचलण्याचे पैसे मात्र आयोजक घेतो.

हे जमायचं तर तिकिटाची रक्कम सामना संपेपर्यंत वेगळ्या खात्यात राहिली पाहिजे. एकदा ती क्लबच्या हप्त्यात आणि हॉटेलच्या आगाऊ रकमेत गेली की परत द्यायला आयोजकाकडं काही नसतं. तुम्हाला हे अवघड वाटत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचून घ्या. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं. तक्रारदार जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सामना नवी मुंबईत झाला तरी दावा कोल्हापुरात लागतो. आणि मोबदला ५ लाखांच्या आत असेल तर फीही भरावी लागत नाही. तिकीट, जाहिरातीचा फोटो आणि पैसे भरल्याची पावती एवढी तीन कागदं प्रत्येकानं जपून ठेवावीत, असं आम्ही आमच्या मंडळींनाही सांगतोय.

दुसरं, मैदान आणि वेळ. तुमचा मोकळा काळ जुलैत, आणि जुलै हा मुंबईत वर्षातला सर्वांत जास्त पावसाचा महिना. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडायचे हेच दिवस. आमच्याकडंही पावसाळा सरल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही, ते उगाच नाही. बीजिंगला जुलै २०१६ मध्ये मँचेस्टरच्या दोन क्लबांचा सामना पावसानं खराब झालेल्या मैदानामुळं ऐन दिवशी रद्द झाला. हाँगकाँगला २०१३ मध्ये अशाच चिखलात खेळवलं आणि टॉटनहॅमचा यान वर्टोंगन जायबंदी झाला. घाईनं नव्या हिरवळीच्या गुंडाळ्या अंथरून हे सुटत नाही. दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या पातळ गुंडाळीला मूळ धरायला काही आठवडे लागतात. तोवर वळताना बुटाखालून गवताची चकतीच निघते आणि घोटा किंवा गुडघा जातो. जवळपास चार सेंटीमीटर जाडीची वजनदार गुंडाळी आपल्या भारानं जागेवर बसते, तिच्यावर काही दिवसांत खेळता येतं. पण ती महाग, म्हणून पातळ आणली जाते. खाली वाळूचा थर आणि निचऱ्याच्या नळ्या नसतील, नुसती काळी माती असेल, तर वर कसलंही गवत घाला, पाणी तुंबणारच. सामन्याच्या आदल्या दिवशी चार-पाच ठिकाणी गुंडाळीचा कोपरा हातानं ओढून बघावा. उचलला गेला तर सामना पुढं ढकलावा. आणि सामन्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच मैदानावर गाण्याचा कार्यक्रम घेऊ नये. आच्छादनाखाली चार दिवस गुदमरलेलं गवत पिवळं पडतं.

यायचंच तर हिवाळ्यात या. बायर्न म्युनिक दोहाचं हिवाळी शिबिर आटोपून १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत भारताशी खेळला, भायचुंग भुतियाच्या निरोपाचा सामना होता तो. ४-० हरलो, पण हवा आणि मैदान खेळण्याजोगं होतं. जर्मन क्लबांना हिवाळी सुटी असते, त्यांना हे जमतं. इंग्लंडच्या क्लबांना जमत नाही, तर त्यांनी न आलेलं बरं. मे महिन्यात आणायचाच हट्ट असेल तर उष्मा, दमटपणा आणि ऊन मिळून मोजणारा वेट बल्ब ग्लोब निर्देशांक ३२ अंशांवर गेला की तिसाव्या आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला पाणी पिण्याची विश्रांती द्यावी, ही फिफाची जुनीच पट्टी आहे, ती पाळा.

वेळेबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून थोडं जास्त. तुमच्या उन्हाळ्यात लंडनला दुपारचे तीन म्हणजे इथं संध्याकाळचे साडेसात. तिकडच्या टीव्हीला ते सोयीचं. पण नेरूळला साडेसातला सुरू झालेला सामना साडेनऊला संपतो आणि कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून साडेआठच्या सुमारास सुटते. उरतात रात्रीच्या खासगी बस. तासभर उशीर झाला, सोलसारखा, की त्याही गेल्या. बाहेर पडायच्या दारांवर अर्धा-पाऊण तास आणखी धरा. सांगली, सातारा, कोल्हापूरचा प्रेक्षक हवा असेल तर हिवाळ्यात सामना पाचला सुरू करा. नको असेल तर ‘संपूर्ण महाराष्ट्रासाठी’ असं जाहिरातीत लिहू नका.

आता जे आम्हाला सर्वांत जास्त खुपतं ते. सराव सामने फिरवून भागत नाही म्हणून आता लीगचे सामनेच परदेशात न्यायचं चाललंय, आणि कारण म्हणून आमचं नाव पुढं केलं जातं: ‘जगभरच्या चाहत्यांसाठी’. प्रीमियर लीगनं २००८ मध्ये परदेशात एकोणचाळिसावी फेरी खेळवायचा विचार मांडला होता. वीस संघ, प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक, असे अडतीस सामने. त्यावर एक जादा घातला की कुणाच्या वाट्याला तगडा प्रतिस्पर्धी येणार, कुणाच्या वाट्याला दुबळा, आणि लीगचा तोल गेला. लोकांनी तो हाणून पाडला. मग स्पेननं वियारेआल विरुद्ध बार्सिलोना हा सामना २० डिसेंबर २०२५ रोजी मायामीत ठरवला. वियारेआल म्हणजे साधारण आपल्या जयसिंगपूरएवढं गाव, पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, आणि मैदानात तेवीस हजार माणसं बसतात. त्या गावातून बार्सिलोनाचा सामना उचलायचा म्हणजे जत्राच उचलून न्यायची. शिवाय त्यांना घरचे अठराच सामने उरणार आणि बार्सिलोनाला एक अवघड बाहेरचा सामना त्रयस्थ मैदानावर मिळणार. ऑक्टोबरमध्ये स्पेनमधले खेळाडू सामना सुरू झाल्यावर पंधरा सेकंद जागेवर उभे राहिले. प्रक्षेपणात त्या वेळी मैदानाच्या बाहेरचं दृश्य दाखवलं गेलं, ते आम्ही इथं बसून पाहिलं. काही दिवसांत तो सामना रद्द झाला. इटलीतल्या एसी मिलान आणि कोमो यांचा ऑस्ट्रेलियात पर्थला ठरलेला सामनाही पुढं बारगळला.

आमच्यासाठी म्हणून हे करू नका. आम्ही ते मागितलेलं नाही. रात्री साडेबारा, दीडला उठून आम्ही जे बघतो ते त्या गावाच्या आवाजासकट बघतो. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लब यांचा सामना उद्या कुणी दुबईला नेला, तर मैदानात बावीस खेळाडू तेच असतील, पण ईर्षा कोल्हापुरातच राहील. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ७७ व्या मिनिटाला मैदान सोडलं, त्यानंतर क्लबनं ती वाढ मागं घेतली आणि लीगनं पाहुण्या समर्थकांचं तिकीट ३० पौंडांवर बांधलं. जर्मनीत प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगचा गुंतवणूकदारांशी होणारा व्यवहार थांबवला. ती माणसं आणि आम्ही एकाच बाजूला आहोत. आम्हाला त्यांच्यासमोर उभं करू नका.

आयोजकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. ज्या डिसेंबरात मेस्सीच्या दर्शनाला हजारो रुपये मोजले जात होते, त्याच डिसेंबरात इंडियन सुपर लीग सुरू झालेली नव्हती. भारतीय फुटबॉल महासंघाचा पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार त्याच महिन्यात संपला आणि नव्या निविदेला नोव्हेंबरात एकही बोली आली नव्हती. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. त्याच्यामागून येणाऱ्या पोरांना खेळायला लीग लागते. एका संध्याकाळचा चेहरा त्यांच्या कामाचा नाही.

आमच्या अंगणातला केरही आम्हाला दिसतो. बक्षिसांचे आकडे वाढले, हंगामापुरते बाहेरचे आणि परदेशी खेळाडू आणणं वाढलं, त्यात पेठेतल्या पोराची अकरातली जागा जाते. ईर्षेपोटी मैदानात दगडही पडले आहेत. तो हिशेब आमचा आम्ही मांडू, त्याचं पत्र वेगळं.

तुमचा संघ आलाच, तर वीस पोरांना टी-शर्ट घालून पंधरा मिनिटांचं फोटोपुरतं शिबिर घेऊ नका. त्याऐवजी गोलरक्षकांचा प्रशिक्षक आणि फिटनेसचा माणूस असे दोघं दोन दिवस मागं ठेवा आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या परवानाधारक प्रशिक्षकांना त्यांच्यासमोर बसवा. इथं गोलरक्षकाला शिकवणारा माणूस मिळणं सर्वांत कठीण. एक सराव सत्र शाळांच्या संघांसाठी मोफत खुलं ठेवा. जोर बघूनच पैलवान शिकतो. आणि पांढऱ्या रेषेच्या आत किती पाहुण्यांना सोडणार, तो आकडा तिकीट विक्रीच्या दिवशीच जाहीर करा. आमच्या मते शून्य पुरेसा आहे.

उत्तर मराठीत नसलं तरी चालेल. पुढच्या सामन्याच्या तिकिटावर छापून आलं तर जास्त बरं.

कळावे,
पेठापेठांतले फुटबॉलप्रेमी,
कोल्हापूर